खारूताईला दूध नको, आधी ऊब हवी

मे महिना उजाडला की शहरांतून झाडांच्या फांद्या छाटण्याचे काम सुरू होते. पावसाळ्यात फांदी मोडून कुणाच्या अंगावर पडू नये, विजेच्या तारा तुटू नयेत, म्हणून ते करावेच लागते. पण फांदीच्या बेचक्यात कापूस, काथ्या, चिंध्या आणि वाळलेले गवत यांचा एक गोळा बसवलेला आहे, हे करवत चालवणाऱ्याला खालून दिसतेच असे नाही. फांदी खाली येते, गोळा सुटतो आणि अंगठ्याएवढी दोन-तीन गुलाबी पिल्ले मातीत पडतात. सोसायटीतली मुले सर्वांत आधी धावतात. कुणीतरी ओंजळीत पिल्लू घेऊन घरी येते आणि घरातली आजी सवयीने सांगते, ‘‘वाटीत थोडे दूध घे गं, कापसाच्या बोळ्याने पाज त्याला.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिल्लू खोक्यात गार पडलेले सापडते. ‘जगणारच नव्हते बिचारे’ म्हणून सगळे स्वतःची समजूत घालतात. अनेकदा मात्र ते जगू शकले असते. फांदीवरून पडल्याने जेवढी पिल्ले दगावतात, त्यात प्रेमाने पाजलेल्या दुधाने दगावणाऱ्यांची भर पडते.

असे का होते, हे समजायला पिल्लाचे शरीर कसे चालते ते पाहावे लागते. अंगावर केस नसलेले, डोळे मिटलेले पिल्लू स्वतःचे तापमान राखू शकत नाही. घरट्यात आईच्या पोटाची आणि भावंडांची ऊब असते. ती सुटली की एवढासा जीव अर्ध्या-पाऊण तासातही थंडगार होऊ शकतो. उन्हाळ्याच्या दिवसांतही, फरशीवर किंवा पंख्याखाली ठेवले तर हेच होते. शरीर गार झाले की आतड्यांचे काम मंदावते. अशा वेळी पोटात गेलेले दूध पचत नाही, तसेच पडून आंबते आणि पोट फुगते. शिवाय गारठलेल्या पिल्लाला नीट गिळताही येत नाही. कापसाच्या बोळ्यातून सुटलेला थेंब अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. नाकातून दुधाचा बुडबुडा आला, तर तो याचाच पुरावा. पुढच्या एक-दोन दिवसांत फुप्फुसाला सूज येते आणि पिल्लू जाते.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी ऊब, मग पाणी आणि सर्वांत शेवटी अन्न. हा क्रम उलटा करून चालत नाही.

ऊब द्यायला फार काही लागत नाही. बुटांचे किंवा औषधांचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, बाजूने हवेसाठी भोके पाडावीत आणि आत जुन्या सुती साडीचा किंवा टी-शर्टचा तुकडा घालावा. टर्किश टॉवेल नको. त्याच्या सुताच्या फासांत नखे अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत बोटे मोडतात. गरम पाण्याने भरलेली बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. म्हणजे जास्त उकडले तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. बाटली निवली की पाणी बदलायचे. हे विसरले तर तीच बाटली पिल्लाची उरलेली ऊब शोषून घेते. मग खोके झाकून घरातल्या सर्वांत शांत खोलीत ठेवायचे. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून ‘बघू, बघू’ करणारी मुले आणि मोबाइलचा फ्लॅश, दोन्ही दूर.

पिल्लू हाताला उबदार लागू लागले, हालचाल करू लागले आणि अंगावर जखम नसली, की औषधाआधी एक गोष्ट करून पाहण्यासारखी असते, ती म्हणजे आईची वाट पाहणे. खारीची मादी पिल्ले एकटीच वाढवते आणि घरटे मोडले तर त्यांना तोंडात धरून दुसऱ्या जागी हलवते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. उबदार पिल्लू एखाद्या उथळ टोपलीत घालून, जिथे सापडले त्याच झाडाच्या खोडाला, मांजरांच्या टप्प्याबाहेर बांधावे आणि माणसांनी लांब जाऊन बसावे. कावळे असतील तर लक्ष ठेवावे लागते. खार दिवसा वावरणारा प्राणी आहे, त्यामुळे हा प्रयत्न उजेडातच करायचा. दोन-तीन तासांत आई आली नाही किंवा दिवस मावळायला आला, तर पिल्लू परत आत. झाडाखाली माणसांचा घोळका जमला असेल तर आई वरच्या फांदीवरून नुसती ओरडत राहते, खाली उतरत नाही. गर्दी पांगवली की पुष्कळदा काम होते.

जखमी खारीचे गणित वेगळे असते. शहरात त्यांना जखमी करणाऱ्यांत मांजर, मांजा, वाहने आणि विजेच्या तारा या नेहमीच्या. त्यातही मांजराचा दात सर्वांत फसवा. बाहेरून टाचणी टोचल्याएवढे भोक दिसते, रक्तही येत नाही आणि घरच्यांना वाटते, थोडक्यात बचावली. पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू सहज आढळतात. बारीक, खोल दाताने ते थेट कातडीखाली पोहोचतात आणि एवढ्याशा शरीरात पसरायला त्यांना दोन-तीन दिवसही पुरतात. मांजराच्या तोंडातून सुटलेली खार कितीही टुणटुणीत दिसली तरी तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायला हवे. प्रतिजैविक वेळेत सुरू झाले तरच उपयोग होतो.

ते प्रतिजैविक घरच्या औषधांच्या डब्यातले नव्हे. आपल्याकडच्या मोठ्या खारीचे वजन असते सुमारे शंभर ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ज्या मात्रेची गोळी लागते, तिचा सहाशेवा भाग हा तिचा नुसता वजनाचा हिशेब; आणि प्राण्याचे यकृत, मूत्रपिंड वेगळे काम करत असल्याने तोही खरा ठरत नाही. ‘गोळीचा कण दिला’ असे सांगणाऱ्याने दिलेला कणही तिच्यासाठी डोंगर असू शकतो. हळद, तेल, बाम हेही नको. जखमेवर चोपडलेले ती चाटणार आणि तेलाने केस चिकटले की ऊब आणखी कमी होणार. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे हलकेच दाबून धरावे, एवढेच घरी करायचे. जखमेत किंवा कानापाशी तांदळाच्या कणीसारखे पांढुरके ठिपके दिसले, तर ती माश्यांची अंडी असतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यांच्या अळ्या व्हायला एक रात्र पुरते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

मोठी खार उचलणे हेही एक काम आहे. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि कवच फोडायला बनलेले असतात. त्या दातांनी बोट फोडणे अवघड नाही. तिच्यावर खोके पालथे घालावे, खालून पुठ्ठा सरकवावा आणि मग सगळे सुलटे करावे. शेपटी धरून उचलू नये. ओढ बसली तर शेपटीची कातडी मोज्यासारखी सोलून निघते.

तरीही चावलीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, ते त्यांना सांगावे. घरात सगळ्यांना भीती असते ती रेबीजची. खारी, उंदीर अशा लहान कृंतक प्राण्यांत रेबीज जवळजवळ आढळत नाही. त्यांच्या चाव्यानंतर सहसा लस लागत नाही, असेच भारतातल्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मात्र खारीने काही कारण नसताना अंगावर धावून चावा घेतला असेल, तर निर्णय डॉक्टरांवर सोडावा. खारीच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार येऊ शकतो, तिच्या अंगावर पिसवा-गोचिडी असतात. म्हणून हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत आणि घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल तर खोके त्यांच्या खोलीत नको.

आता पाणी आणि अन्न. पशुवैद्यापर्यंत पोहोचायला दोन-चार तास लागणार असतील, तर नुसत्या उबेवर पिल्लू तग धरते. त्याहून उशीर होणार असेल, तर फोनवर विचारून जलसंजीवनी द्यावी. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवायची आणि कोमट करायची. एक मिलीच्या सुईविना सिरिंजमधून, पिल्लाला फडक्यात उभे धरून, ओठाच्या कडेला थेंब लावायचा. ते स्वतः चाटेल तेवढेच. उताणे झोपवून पाजणे ही माणसाच्या बाळाची सवय इथे घातक ठरते. एका वेळी किती, याचा ढोबळ नियम वजनाच्या पाच टक्के. वीस ग्रॅमच्या पिल्लाला एक मिली म्हणजे पोटभर झाले. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे उपयोगी पडतो. जखमी, अर्धवट शुद्धीतल्या मोठ्या खारीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

गाईचे दूध का नको, याचेही उत्तर साधे आहे. ते वासरासाठी असते. खारीचे दूध त्याहून कितीतरी स्निग्ध असते आणि त्यात लॅक्टोज ही साखर कमी असते. गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब होतात आणि पाणी कमी होऊन ते खंगते. पशुवैद्य साधारणपणे कुत्र्या-मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर सुचवतात. डोळे मिटलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे लागते. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याचे पोट आणि शेपटीखालची जागा हलके पुसावी लागते, कारण या वयात आईने चाटल्याशिवाय ते शी-शू करत नाही. हौसेने पिल्लू घेतलेल्या घरात तिसऱ्या रात्री उत्साह ओसरतो, तो इथे.

काही घरांत मात्र ते तरते, डोळे उघडते, पडद्यावर चढते, खांद्यावर बसते. मग त्याला शेंगदाणे, बिस्किटे, पोळीचा तुकडा मिळू लागतो आणि दोन महिन्यांनी ‘मागच्या पायांत जोर नाही’ म्हणून त्याला दवाखान्यात आणले जाते. मार कुठेच लागलेला नसतो. हा खारींचा मुडदूस. शेंगदाण्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या साधारण चौपट असते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढते आणि हाडे इतकी ठिसूळ होतात की सोफ्यावरून उडी मारतानाही मोडतात. झाडावरची खार बिया खाते तशी कोवळे अंकुर, फळे, फुलांतला मध, कीटकही खाते आणि दिवसभर उन्हात असते. बशीतल्या शेंगदाण्यांत यातले काहीच येत नाही.

यापेक्षाही कठीण प्रश्न आहे तो भीतीचा. आई आणि भावंडांसोबत वाढणारी खार मांजर दिसताच ‘चिक्-चिक्’ करत शेपटी उडवायला शिकते. घरातल्या मांजराशेजारी झोपलेल्या खारीचे व्हिडिओ लोक कौतुकाने पाहतात. बाहेर सोडल्यावर ती खार पहिल्याच मांजराजवळ विश्वासाने जाते. वयात आल्यावर हाताला सरावलेली खार अचानक चावू लागते, तेव्हा घरचे कंटाळून तिला बागेत सोडून येतात. त्या सोडण्याला सुटका म्हणणे अवघड आहे.

खार हा वन्यप्राणी आहे आणि तिला घरी मिळायचा तो तासा-दोन तासांचा आसरा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित वन्यप्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्यांना कळवावे लागते. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन आहे. पुण्यात बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे आहेत. लहान गावात असे काही नसते. तिथे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासून सुरुवात करावी. सापडलेला प्राणी तांबूस-काळा, झुपकेदार शेपटीचा आणि मांजराएवढा असेल तर तो शेकरू, राज्याचा प्राणी. त्याच्या बाबतीत घरगुती प्रयोगाचा विचारही नको, थेट वनविभागाला फोन.

केंद्रात नेलेली प्रत्येक खार वाचत नाही. पाठीचा कणा मोडलेली, मागचे पाय ओढत आलेली खार क्वचितच पुन्हा झाडावर चढते. अशा वेळी तिच्या वेदना लांबवायच्या की नाही, हे पशुवैद्याला ठरवावे लागते. आणून देणाऱ्याला ते ऐकवणे सोपे नसते. पण गारठा, उपासमार किंवा साधी जखम असलेली पुष्कळ पिल्ले सावरतात. त्यांना एकेकटे न ठेवता एकत्र वाढवतात, जेणेकरून ती माणसाला नव्हे, एकमेकांना ओळखतील. मग झाडाजवळच्या मोठ्या पिंजऱ्यात फांद्या, पाने, कवचाची फळे देऊन त्यांना तयार करतात आणि एका सकाळी दार उघडे ठेवतात. पिंजऱ्यातले खाणे मात्र लगेच बंद करत नाहीत. सुरुवातीला संध्याकाळी त्या झोपायला आत येतात. काही दिवसांनी एखादी येत नाही, मग दुसरी येत नाही आणि ताटलीतले खाणे सकाळी जसेच्या तसे राहिलेले दिसते.