दोन थेंब तेल



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या स्वयंपाकघरात स्टीलची मांडणी लावायची होती. तिच्या पट्टीला एक भोक कमी होते. मी शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणले. धाकट्या भावाने पट्टी हाताने धरली आणि मी मशीन पूर्ण वेगात सुरू केले. थोड्याच वेळात कर्कश आवाज येऊ लागला आणि धूर निघाला. मी आणखी जोर लावला. तेवढ्यात ड्रिल अडकले, पट्टी गरकन फिरली आणि भावाचा तळहात कापला गेला. दवाखान्यात तीन टाके घालावे लागले. पट्टीला भोक पडले नव्हते. तिथे फक्त आरशासारखा चकचकीत खळगा झाला होता आणि ड्रिलचे टोक निळे पडले होते.

संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा भावाला पाहायला आले. ते ड्रिल हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही स्टील कापले नाही, नुसते घासले. तेल कोणते लावले होते?"

"तेल तर लावलेच नाही, चाचा," मी म्हणालो.

"मग ड्रिल जळणारच. आणि पट्टी हातात धरायला कोणी सांगितले?"

मी वर्गात विज्ञान शिकवत होतो, पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या दिवशी चाचांकडून जे शिकलो आणि पुढे पुस्तकांतून जे समजले, ते आज तुम्हांला सांगतो.

आधी पाहू या, की भोक पाडताना उष्णता का निर्माण होते. ड्रिलच्या टोकाला दोन धारा असतात. त्या धातूचा पातळ थर सोलून काढतात. त्यालाच आपण कीस म्हणतो. धातू वाकवून तोडायला शक्ती लागते आणि तिचे रूपांतर उष्णतेत होते. शिवाय कीस धारेवर घासत जातो, त्यानेही उष्णता वाढते. १७९८ साली काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग लोकांसमोर मांडला. जर्मनीतील म्युनिक शहरात तोफांच्या नळ्या कोरण्याचे काम चाले. त्याने मुद्दाम बोथट हत्यार घेतले, नळीभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांच्या साहाय्याने यंत्र फिरवले. सुमारे अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळू लागले! बोथट हत्याराने कोरडे घासले, की किती उष्णता निर्माण होते, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

ही उष्णता ड्रिलची शत्रू आहे. साध्या कार्बन पोलादाचे ड्रिल दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. हायस्पीड स्टीलचे ड्रिल सुमारे सहाशे अंशांपर्यंत टिकते, पण कोरडे आणि वेगाने घासल्यास त्याचीही धार जाते. म्हणून वंगण वापरायचे. उर्दूत ज्याला आपण चिकनाई म्हणतो, तेच हे वंगण. ते दोन कामे करते. एक, कीस आणि धार यांच्यामध्ये पातळ थर तयार करून घर्षण कमी करते. दोन, उष्णता वाहून नेते. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरने १८८० नंतरच्या काळात प्रयोग करून दाखवले, की कापण्याच्या जागी पाण्याची मोठी धार सोडली, तर पोलाद कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो.

मग घरीही पाणीच का वापरू नये? पाणी थंडावा चांगला देते, पण त्याला चिकटपणा नाही आणि लोखंड गंजते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेच्या यंत्राजवळ पाणी नेणे जिवावर बेतू शकते. कारखान्यात पाण्यात मिसळणारे तेल वापरतात. त्याचे दुधासारखे पांढरे मिश्रण यंत्राच्या पंपाने सोडतात. घरी मात्र तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात.

आता कोणत्या धातूला काय लावावे, ते पाहू.

साध्या लोखंडी पट्टीला किंवा अँगलला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे कटिंग ऑइल सर्वांत चांगले. ते नसेल, तर इंजिनचे नवे तेल किंवा शिलाई मशीनचे तेल चालते. तेही नसेल, तर स्वयंपाकाचे तेल वापरा. वनस्पती तेलाचे कण धातूला चांगले चिकटून राहतात. मात्र काम झाल्यावर ते पुसून टाका, नाहीतर काही दिवसांनी ते चिकट होते. गाडीतून काढलेले जुने काळे तेल वापरू नका. त्यातील काही द्रव्ये त्वचेला घातक असतात.

स्टेनलेस स्टील हट्टी असते. ते नुसते घासले, तर त्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होतो. माझ्या पट्टीवर झालेला चकचकीत खळगा हाच तो कठीण थर होता. इथे कटिंग ऑइल, कमी वेग आणि एकसारखा दाब हवा. कीस निघत राहिला पाहिजे.

ॲल्युमिनियम मऊ असते आणि त्याचा कीस ड्रिलला चिकटून बसतो. जुने कारागीर त्यासाठी रॉकेल वापरत. पण रॉकेल पेट घेते आणि ड्रिल मशीनमध्ये ठिणग्या उडतात. म्हणून घरी शिलाई मशीनचे पातळ तेलच बरे.

पितळ आणि बिडाचे लोखंड यांना मात्र तेल लावू नका. बिडामध्ये ग्रॅफाइट असते, तेच वंगणाचे काम करते. तेल घातले, तर त्याच्या भुकटीचा चिखल होतो. पितळेचा कीस बारीक तुटून सहज बाहेर पडतो, म्हणून तेही कोरडेच कापतात.

लक्षात ठेवा, तेल चुकीचा वेग सुधारत नाही. घरगुती मशीनचा वेग बहुधा मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत जातो. साध्या लोखंडात ६ मिलिमीटरच्या हायस्पीड ड्रिलला सुमारे १३०० फेऱ्या पुरतात आणि १० मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे ८००. स्टेनलेस स्टीलसाठी वेग याच्याही निम्मा किंवा कमी ठेवावा. ड्रिल जितके जाड, तितका वेग कमी.

कामाची रीतही शिकून घ्या. आधी सेंटर पंचाने खूण करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. वस्तू शिकंज्यात घट्ट आवळा, कधीही हातात धरू नका. डोळ्यांवर चष्मा लावा. हातमोजे घालू नका, कारण ते फिरत्या ड्रिलमध्ये गुंततात. सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस नीट आवरून घ्या. थोडे भोक पडले, की ड्रिल वर घ्या, मशीन थांबवून ब्रशने कीस काढा आणि पुन्हा तेल लावा. ड्रिल आरपार जाताना दाब कमी करा, कारण ते नेमके तेव्हाच अडकते. आणि हे काम घरातील मोठ्या माणसासमोरच करा.

भावाची जखम आता बरी झाली आहे, पण तळहातावरची खूण तशीच आहे. ते निळे ड्रिल मी अजून टेबलाच्या खणात जपून ठेवले आहे. वर्गात उष्णतेचा धडा शिकवताना मी ते मुलांच्या हातात देतो आणि विचारतो, "सांगा, हे निळे का पडले?" आता या प्रश्नाचे उत्तर तुम्हीही देऊ शकाल.