सूर्यावरचे ‘करोनियम’ गेले कुठे?

प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णरेषा ठरलेल्या असतात, असे आपण वर्गात सांगतो. ज्योतीत मिठाचा कण टाकला की ती पिवळी होते, हा सोडियमचा पुरावा. हाच नियम सूर्याच्या बाह्य वातावरणाला लावताना शास्त्रज्ञांना एकदा यश आले, तर एकदा ते चांगलेच चकले.

यश हेलियमचे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात सोडियमच्या जोडरेषेजवळ, पण तिच्याहून वेगळी, ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा होती. लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, ती पाहिली. (हेलियम विजयदुर्गावर सापडला असे आपल्याकडे सांगतात, लॉकियर तिथे आले ते १८९८ च्या ग्रहणाला!) १८९५ मध्ये रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत हीच रेषा मिळाली.

दुसरी रेषा हिरवी. ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस या अमेरिकनांना ती प्रभामंडलात, म्हणजे करोनात, दिसली. तिची तरंगलांबी ५३०.३ नॅनोमीटर. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे ‘करोनियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. पण आवर्तसारणीतील घरे भरत गेली आणि करोनियमला जागाच उरली नाही.

१९३९ मध्ये ग्रोट्रियान यांनी करोनाची एक तांबडी रेषा लोखंडाची असल्याचे सुचवले. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत स्वीडनच्या एडलेन यांनी हिरवी रेषाही लोखंडाचीच ठरवली. मग ती आधी ओळखू का आली नाही? रेषा उमटते ती इलेक्ट्रॉन एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर उतरताना. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. करोनातील या अणूंनी त्यांपैकी १३ गमावलेले होते. इलेक्ट्रॉन गेले की उरलेल्यांच्या पातळ्या बदलतात, आणि रेषाही. शिवाय ही विशिष्ट उडी सावकाश होते. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत त्याआधीच अणूंची टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते. करोना इतका विरळ आहे की तिथे अणूला सवड मिळते.

१३ इलेक्ट्रॉन उपटायचे तर तापमान हवे सुमारे वीस लाख अंश. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा! वरचा थर खालच्यापेक्षा इतका तापतो कसा, हे अजून पूर्ण उलगडलेले नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेल्या ‘आदित्य-एल१’ यानावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेले उपकरण आहे. त्यात याच ५३०.३ नॅनोमीटरच्या रेषेसाठी खास सोय केलेली आहे.