खाऱ्या हवेवर खोटा आळ

रेवसपासून थळपर्यंतच्या किनाऱ्यावर जुन्या गाडीचे काहीही बिघडले की दोष खाऱ्या हवेला मिळतो. पत्र्याच्या बाबतीत तो रास्त आहे. धरमतर खाडीच्या मुखावरचा मिठाळ वारा चॅसी, नट-बोल्ट आणि सायलेन्सर कुरतडतोच. पण बॉनेटखालच्या रबरी व्हॅक्यूम पाइपांचे वैरी वेगळे आहेत: इंजिनाची उष्णता, हवेतला ओझोन, अंगावर आलेले तेल आणि उलटलेली वर्षे. हे वैरी ओळखले, की हे पाइप फुटण्याची वाट न पाहता वयावरून, सगळे एकत्रच का बदलायचे ते समजते.

पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत राहतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याच्या साधारण 450 ते 500 मिलिमीटरने खाली जातो. या फुकटच्या ओढीवर, म्हणजेच व्हॅक्यूमवर, जुन्या गाडीतली बरीच कामे चालतात. डिस्ट्रिब्युटर ठिणगीची वेळ पुढेमागे करतो ती याच ओढीने, आणि बूस्टर असेल तर ब्रेकही तिच्याच मदतीने लागतो. बूस्टरच्या 20 सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर एवढ्या दाबफरकाने जवळपास 200 किलो वजनाइतका जोर पडतो. डिझेल इंजिनात अशी ओढ नसते. तिथे बहुधा अल्टरनेटरला जोडलेला पंप ती तयार करतो. पंप वेगळा असला तरी ओढ पोचवणारा पाइप रबरीच. कार्लेखिंडीच्या उतारावर तो निसटला, तर ब्रेक असतो, पण पेडल दगडासारखे लागते.

पाइप चिरण्याचा बिघाड स्वतःच्या नावाने समोर येत नाही, ही खरी अडचण आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. चिरलेल्या पाइपातून कार्बोरेटरला वळसा घालून जादा हवा शिरली, की मिश्रण पातळ होते, आयडलिंग डगमगते, गाडी मिसिंग करू लागते. वेग वाढला की इंजिन एवढी हवा घेते, की तीच गळती त्या हवेपुढे किरकोळ ठरते आणि गाडी सरळ धावते. मग संशय प्लगवर जातो, कार्बोरेटर उघडला जातो, स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवले जाते. लक्षण झाकले जाते आणि गळती तशीच राहते. पीयूसीच्या तपासणीतही फसगत होऊ शकते. पातळ मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड कमीच दिसतो, मात्र ठिणगी चुकली की न जळलेले हायड्रोकार्बन वाढते.

पाइप तर वरून शाबूत दिसतो, मग कशाला बदलायचा, असा आक्षेप येतो. पण उष्णतेने रबराचे रेणू एकमेकांत जास्तच गुंततात आणि लवचिकपणा आतून संपतो. बाहेरची काळी कांती तशीच राहते. ओझोन नैसर्गिक आणि नायट्राइल रबरातले दुहेरी बंध तोडतो, आणि भेगा पडतात त्या रबर जिथे ताणलेले असेल तिथे. म्हणून पहिली चीर निपलवर चढवलेल्या टोकाला किंवा बाकावर दिसते. टोक कापून पाइप पुन्हा बसवण्याची युक्ती इथेच फसते: पाइप आखूड होतो, ताण वाढतो आणि ओझोनला नवी जागा मिळते. गंज टाळायला चॅसीवर जुने ऑइल मारण्याची किनाऱ्यावरची पद्धत पत्र्याला वाचवते, पण त्याचे शिंतोडे रबर फुगवतात. रॉकेलने इंजिन पुसले तर रबरावरचा ओझोनरोधक मेणाचा थरही निघून जातो.

दुसरा आक्षेप असा, की कुठलाही पाइप चालेल. तसे नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी गरम होऊन मऊ पडते आणि ओढीने चपटते. ईपीडीएम रबर ओझोनला दाद देत नाही, पण पेट्रोल आणि तेलाने फुगते. सिलिकॉन उष्णता सोसते, इंधन नाही. म्हणून जिथे तेलाची किंवा पेट्रोलची वाफ येते तिथे ओझोनरोधक आवरणाचा नायट्राइल पाइप घ्यावा, आणि बूस्टरला आत धाग्यांची वीण असलेला, ब्रेकसाठीच बनवलेला. बदलताना एका वेळी एकच पाइप काढावा, आतला व्यास तंतोतंत जुळवावा आणि बूस्टरच्या एकेरी व्हॉल्व्हची दिशा उलटी होऊ देऊ नये. नंतरची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग पेडल दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ओढ पोचते आहे.

खाऱ्या हवेचा वाटा उरतो तो लोखंडी निपल आणि क्लॅम्पवरच्या गंजापुरता; खडबडीत निपलवर नवा पाइपही हवा धरत नाही. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी पेणच्या आरटीओत नव्याने करावी लागते, त्यासाठी गाडी तपासलीही जाते. तोवर मूळचे पाइप टिकले असतील, तर त्याच खेपेला सगळे बदलावेत आणि तारीख लिहून ठेवावी. वारंवार कार्बोरेटर उघडण्याच्या मजुरीपेक्षा हा खर्च कमीच भरेल.