येडशीचा वाघ आणि रामलिंगची गर्दी

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्याने चक्क वाघ टिपला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यावरून ओळख पटली. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरुण नर स्वतःची हद्द शोधत सुमारे ४५० किलोमीटर चालत आला होता.

अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. नर वाघाला साधारणतः याहून मोठी हद्द लागते, म्हणून तो बार्शीच्या शिवारातही फिरला, जनावरं मारली. सरकार भरपाई देतं. पण दुभती गाय गेली की घरचं रोजचं दूध थांबतं, त्याचं काय?

ही झीज पर्यटनातून भरून निघू शकते, आणि ते इथे नव्याने आणायची गरजच नाही. रामलिंगचं देऊळ अभयारण्यातच आहे, श्रावणात भाविकांची रीघ लागते, धबधब्यापाशी तर पाय ठेवायला जागा नसते. प्रश्न त्या गर्दीचे पैसे कुठे जातात हा. वाटाडे, जेवण, वाहनतळ ही कामं येडशीच्या बचतगटांकडे आणि तरुणांकडे आली, तर पाऊस दगा देतो त्या वर्षीही चूल पेटेल आणि जंगल राखण्यात गावाचा स्वार्थ राहील. मात्र एवढ्याशा जंगलात जीप सफारी नकोच.

श्रावणात जाल तेव्हा माकडांना खाऊ घालू नका, आणि जेवण गावातच घ्या.