इतिहास, कला आणि लढ्याचे श्रेय

मानवमुक्तीच्या लढ्यांवरील चित्रपटांत तपशिलाच्या चुका शोधणे सोपे असते. परंतु कोणती चूक क्षम्य आणि कोणती घातक, हा विवेक अधिक अगत्याचा आहे, असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरील दोन चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

१९६४ साली मिसिसिपी राज्यात जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. त्यांचे मृतदेह ४४ दिवसांनी सापडले. या घटनेवर बेतलेल्या ॲलन पार्कर यांच्या ‘मिसिसिपी बर्निंग’ला (१९८८) छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले. परंतु त्याचे नायक आहेत एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. मतदार नोंदणीसाठी जिवावर उदार झालेले कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष त्यात बहुतांशी मूक आणि भयभीत दिसतात. चित्रण जितके प्रभावी, तितका हा विपर्यास प्रेक्षकांच्या मनात खोल रुजतो.

एव्हा डूव्हर्ने यांच्या ‘सेल्मा’त (२०१४) डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची मूळ भाषणे नाहीत. त्यांचे हक्क उपलब्ध नसल्याने दिग्दर्शिकेने ती नव्याने लिहिली. शब्द बदलले, आशय राहिला. हे स्वातंत्र्य क्षम्य आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना मात्र वास्तवापेक्षा अधिक अडवणूक करणारे दाखवले आहे. जानेवारी १९६५ मधील त्यांचे किंग यांच्याशी झालेले ध्वनिमुद्रित संभाषण वेगळे सांगते. आपल्या बाजूचा चित्रपट म्हणून हा दोष झाकणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. तरीही ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर लाठ्या झेलणारी सामान्य माणसेच मताधिकाराचा कायदा घडवून आणतात, हे मूळ सत्य ‘सेल्मा’ने जपले आहे.

हीच कसोटी आपणही स्वतःस लावावी. महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग आपल्या स्नेहसंमेलनांत दरवर्षी कुठे ना कुठे सादर होतो. बाबासाहेबांची भूमिका करणारा विद्यार्थी एकटाच ओंजळीने पाणी पितो आणि पडदा पडतो. परंतु २० मार्च १९२७ रोजी त्यांच्यामागोमाग हजारोंनी पाणी प्राशन केले आणि त्यानंतर सनातन्यांचा मारही खाल्ला. ती माणसे रंगमंचावर आली नाहीत, तर आपल्याच पूर्वजांचे श्रेय आपण पुसून टाकू. उद्धारक कोणी बाहेरून येतो, हा समज मुलांच्या मनात रुजू न देणे ही शिक्षकांची आणि पालकांची जबाबदारी आहे.