कर्करोग संशोधनातील तपासनीसाचे मोल

कर्करोगावरील संशोधनाचा विषय निघाला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे शस्त्रवैद्य येतो, सूक्ष्मदर्शकावर वाकलेला शास्त्रज्ञ येतो. संगणकापुढे बसून आकड्यांचे ढिगारे उपसणारा संगणकीय जीवशास्त्रज्ञ मात्र या चित्रात नसतो. वास्तविक गेल्या दोन दशकांत या संशोधनाचा मोठा भाग त्याच्याच मेजावर येऊन पडला आहे.

मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात. रुग्णाच्या गाठीतील डीएनए आणि त्याच्याच निरोगी पेशींतील डीएनए यंत्र लहान लहान तुकड्यांत वाचते. ते तुकडे जागच्या जागी बसवणे, दोहोंतील फरक हुडकणे आणि त्यांपैकी रोगाला कारण कोणते व निव्वळ योगायोगाचे कोणते हे ठरवणे, हे त्याचे काम. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘कॅन्सर जीनोम ॲटलस’ या प्रकल्पात ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांची अशी माहिती जमा झाली.

या कामात चूक झाली तर काय होते, हे ड्यूक विद्यापीठातील प्रकरणाने दाखवून दिले. कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे जनुकांच्या हालचालींवरून सांगता येते, असा दावा तेथील संशोधकांनी २००६ मध्ये केला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांना ही पद्धत वापरावीशी वाटली, म्हणून तेथील कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स यांनी ती तपासून पाहिली. जनुकांच्या यादीतील ओळी एका घराने सरकलेल्या आढळल्या. काही ठिकाणी तर ‘औषधाला दाद देणारे’ आणि ‘दाद न देणारे’ हे शिक्केच उलटे पडले होते. म्हणजे जे औषध टाळायचे, तेच रुग्णाला मिळण्याची भीती!

त्यांचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला तो संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. तोवर ड्यूकमध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्यांत शंभराहून अधिक रुग्ण दाखल झाले. चाचण्या थांबल्या, विद्यापीठाच्या चौकशीनंतर पुन्हा सुरू झाल्या आणि २०१० मध्ये कायमच्या बंद पडल्या. परंतु त्याला तात्कालिक निमित्त झाले ते गणिताचे नव्हे. प्रमुख संशोधकाने आपल्या परिचयपत्रात न मिळालेला बहुमान लिहिल्याचे उघडकीस आले, म्हणून! मूळ निबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला. पुढे २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने खोटी माहिती वापरली गेल्याचा निष्कर्ष काढला.

येथे प्रश्न केवळ एका व्यक्तीच्या अप्रामाणिकपणाचा नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तपासणी हे सार्वजनिक हिताचे काम आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो, खर्च मात्र एकट्याला सोसावा लागतो. नव्या शोधाला कीर्ती, बढती आणि अनुदान मिळते. दुसऱ्याचा शोध पडताळून पाहण्यात शेकडो तास घालवणाऱ्याच्या पदरी बहुधा वैरच येते. ज्या कामाला मोबदला नाही ते काम गरजेपेक्षा कमीच होणार, हे सांगायला मोठा सिद्धांत नको.

भारताच्या दृष्टीनेही हा विचार महत्त्वाचा आहे. तंबाखू चघळण्याशी निगडित असलेला गाल व हिरडीचा कर्करोग हा आपल्याकडचा मोठा शाप. आंतरराष्ट्रीय जनुकसंच प्रकल्पात भारताने त्याचाच अभ्यास पत्करला. बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संशोधन संस्था यांच्या कामाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु वंशपरंपरागत फरकांच्या पाश्चात्त्य याद्यांत भारतीयांचे अनेक फरक नसल्याने, जन्मजात वैशिष्ट्यच गाठीतील दोष म्हणून गणले जाण्याचा धोका होता. खारघरच्याच संशोधकांनी ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांवरून अशा फरकांचा माहितीकोश तयार केला आणि २०१६ मध्ये तो सर्वांना विनामूल्य खुला केला. यातून नवे औषध निघाले नाही. चुकीचे निष्कर्ष टाळण्याची सोय तेवढी झाली.

ही सोय फार मोलाची आहे. यंत्रे पैसे मोजून आणता येतात. ती यंत्रे जे सांगतात ते खरे की खोटे, हे निर्भयपणे सांगणारी माणसे मात्र घडवावी आणि सांभाळावी लागतात. संशोधनाच्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी कायमच्या जागा आणि स्वतंत्र तरतूद असली पाहिजे. हिशेबतपासनीस नसलेल्या पेढीत कोणी शहाणा माणूस ठेव ठेवत नाही. येथे तर रुग्ण आपला जीवच ठेवीत असतो.