पुंगळीतली जळालेली लोकर

साळावचा पूल ओलांडून मुरूडकडे निघालं की कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव अशी गावं लागत जातात. उजवीकडे समुद्र, डावीकडे फणसाडच्या जंगलाचे डोंगर. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या मोटरसायकलींची रांग लागते. त्यातल्या कितीतरी गाड्यांना कंपनीचा सायलेन्सर नसतो, बाजारातली पुंगळी असते. कुणी तिला इंदोरी म्हणतं, कुणी पंजाबी. नवी असताना तिचा आवाज मोठा असला तरी भरीव असतो. काही पावसाळे गेले की तोच आवाज फाटतो, कर्कश होतो, कानात घुसायला लागतो. मालकाला वाटतं, गाडी आता ‘मोकळी’ झाली, पिकअप वाढला. इंजिनात यातलं काहीही घडलेलं नसतं. पुंगळीच्या पोटातली काचेची लोकर, म्हणजे ग्लासवूल, जळून, तुटून धुराबरोबर उडून गेलेली असते. सायलेन्सर निकामी झालाय, एवढाच त्या आवाजाचा अर्थ.

ही लोकर नेमकं काय करत होती, हे समजायला आवाजाच्या मुळाशी जावं लागतं. एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला जळालेला वायू अजून चांगलाच दाबाखाली असतो. तो एकदम नळीत सुटतो आणि दाबाचा एक धक्का पुढे धावतो. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने सेकंदाला २५ धक्के बसतात. बुलेटची ओळखीची धडधड ती हीच, २५ हर्ट्‌झची. पण धक्का अचानक असतो, म्हणून त्यात ५०, ७५, १०० असे पटीतले वरचे सूरही असतात, आणि वायू नळीला घासत सुटल्याचा खरखराट तर काही हजार हर्ट्‌झपर्यंत जातो. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वात तिखट. त्यामुळे ऊर्जा धडधडीत जास्त असली तरी त्रास खरखराटाचा होतो.

आवाज मारायच्या दोन रीती आहेत. कंपनीचा सायलेन्सर मुख्यतः पहिली वापरतो. त्याच्या आत पत्र्याचे पडदे आणि कप्पे असतात. ध्वनिलहर कप्प्यांच्या भिंतींवर आपटून परत फिरते आणि मागून येणाऱ्या लहरीशी तिची गाठ पडते. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एका जागी आले की दोघी एकमेकींना खातात. कप्प्यांची लांबी त्या-त्या इंजिनाच्या सुरांवर बेतलेली असते. म्हणूनच एका गाडीचा सायलेन्सर दुसरीला लावला की हिशेब चुकतो.

बाजारातल्या पुंगळीत असे कप्पे बहुधा नसतातच. आत आरपार जाणारा जाळीचा पाइप, बाहेर पत्र्याचं कवच आणि दोघांच्या मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीची काचेची लोकर. ही दुसरी रीत, आवाज शोषण्याची. ध्वनिलहर जाळीच्या भोकांतून लोकरीत शिरते. तिथे केसापेक्षा बारीक असे लाखो तंतू असतात. त्यांच्या फटींतून हवा पुढे-मागे हलताना घासली जाते आणि लहरीची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. रिकाम्या खोलीत गाद्या-पडदे आल्यावर घुमारा मरतो, तसंच हे.

पण लोकरीला मर्यादा आहे, आणि ती लहरीच्या लांबीत आहे. बाहेरच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या गरम वायूत तो ५०० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे २५ हर्ट्‌झच्या लहरीची लांबी झाली २० मीटर. तीन सेंटिमीटरच्या लोकरीला ती दादच देत नाही. ३००० हर्ट्‌झची लहर मात्र जेमतेम १७ सेंटिमीटरची, तिला ही लोकर चांगलीच खाते. नव्या पुंगळीत धडधड तशीच राहते आणि खरखराट जातो, तो यामुळे. लोकर संपली की सगळ्यात आधी परत येतो तो हाच खरखराट. जाळीमागे आता नुसती पोकळी असते आणि पातळ पत्रा स्वतःच थरथरून आवाजात भर घालतो.

लोकर संपते कशी? काच वितळून नव्हे. काचेचे हे तंतू मऊ व्हायला आठशे अंशांच्या वरचं तापमान लागतं, पुंगळीत ते सहसा इतकं चढत नाही. पण उष्णतेने तंतू ठिसूळ होतात. सेकंदाला पंचवीस-पन्नास धक्के खाऊन तुटतात आणि त्यांचे तुकडे जाळीच्या भोकांतून बाहेर पडतात. ‘फटाके’ फोडण्याच्या नादात हे काम फार लवकर होतं. चालत्या गाडीत इग्निशन बंद-चालू केलं की न जळलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे पेटतं. तो प्रत्येक बार लोकरीच्या आतच फुटत असतो. टू-स्ट्रोक गाडीचं दुखणं वेगळं. आरएक्स-१०० सारख्या गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, सगळं जळत नाही, आणि उरलेलं लोकरीत मुरून डांबरासारखा काळा चिकटा तयार होतो. फटी बुजल्या की हवा हलायला जागा राहत नाही, मग घर्षण नाही आणि शोषणही नाही. कॅनडा-अमेरिकेत बर्फावर धावणाऱ्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलनाही हाच आजार होतो. बाजारातला सायलेन्सर लावलेले तिथले मालकही तो उघडतात आणि नवी लोकर भरतात.

आपल्या किनाऱ्यावर याच्या जोडीला मीठ येतं. लाटा फुटताना उडालेले सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी उडून जातं आणि पत्र्यावर क्षारांचा थर राहतो. हा थर कोरडा राहत नाही. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या क्षारांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. कोकणात त्याहून कोरडी हवा वर्षातून किती वेळा मिळते? म्हणजे अलिबाग-मुरूडला अंगणात उभ्या गाडीचा सायलेन्सर बहुतेक काळ खाऱ्या पाण्याच्या अदृश्य थराखाली असतो. स्टेनलेस स्टीलही यातून सुटत नाही. त्याला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा क्लोराइड जागोजागी फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात.

आतून दुसरा हल्ला सुरू असतो. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण घर ते बाजार, बाजार ते जेट्टी एवढीच गाडी फिरली, तर पुंगळी तापतच नाही. पाणी लोकरीत साचतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून कुजतो.

अशी पुंगळी उघडताना पाहिली की हे सगळं एका नजरेत दिसतं. टोकाची टोपी पॉप रिव्हेटनी धरलेली असते. रिव्हेट अॅल्युमिनियमचे आणि कवच स्टेनलेसचं असेल, तर खाऱ्या ओलीत या दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियमचा बळी जातो. रिव्हेटच्या जागी पांढरी भुकटी दिसते, ती हीच. टोपी आणि कवच यांवर आधी खुणेची रेघ मारायची, मग पाच मिलिमीटरच्या ड्रिलने रिव्हेट फोडायचे आणि रबरी हातोडीने हळूहळू ठोकत टोपी सोडवायची. जाळीचा पाइप ओढून काढला की आतल्या टोकाला, जिथे वायू सर्वात गरम असतो, तिथे जाळी उघडी पडलेली असते. मधे करड्या, बोटांत चुरा होणाऱ्या चिंध्या आणि मागच्या टोकाला काळा, ओला लगदा. तो चुरा कोरडा झटकू नये. पाण्याचा फवारा मारून, मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच काढावा. काचेची कुसळं कातडीत आणि घशात फार खुपतात.

जाळी तारेच्या ब्रशने घासून प्रत्येक भोक मोकळं करायचं. नवी लोकर सायलेन्सरसाठीचीच, लांब तंतूंची हवी. एसीच्या डक्टला किंवा छताला लावतात त्या ग्लासवूलमध्ये तंतू धरून ठेवणारा राळेचा चिकट पदार्थ असतो. तो गरम धुरात जळतो आणि अख्खी गादी बसते. भांड्यांची तारेची घासणी कोंबण्याचाही जुगाड चालतो, साध्या लोखंडाची असली तर ती एका पावसाळ्यात गंजून जाते. भरायची किती, याला महत्त्व आहे. साधारण दर लिटर जागेला शंभर ते दीडशे ग्रॅम. सैल भरली तर धक्क्यांनी हलून तुटते, ठासून भरली तर हवेला हलायला फटी उरत नाहीत. पाइपभोवती घट्ट गुंडाळून कागदी मास्किंग टेपने धरायची, टेप नंतर जळून जाते. मग कवचात सरकवायची, टोपीला जास्त तापमान सोसणारं सिलिकॉन लावायचं आणि रिव्हेट मारायचे, ते स्टेनलेसचे. पहिली काही मिनिटं धूर येतो, तो टेपचा.

एवढं केलं की पुंगळीचा आवाज नव्या पुंगळीइतका होतो. कायदेशीर मात्र होत नाही, आणि हे गॅरेजमध्ये कुणी सांगत नाही. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा असते, ८० ते १७५ सीसीला ७७ची. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाजाची मर्यादा मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. बीएस-६च्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही एक्झॉस्टमध्येच बसवलेला असतो. पूर्ण एक्झॉस्ट बदलला तर तोही भंगारात जातो.

दंडापेक्षा मला जास्त टोचतं ते फणसाड. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य, शेकरूचं घर. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांचे सूर १००० ते ८००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात, आणि जळालेल्या पुंगळीचा खरखराट नेमका त्यावरच येऊन पडतो. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या मर्यादेत आवाज असलेल्या स्नोमोबाइललाच हिवाळ्यात आत सोडतात. आपल्याकडेही असा विचार परका नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. उपकरणांसाठी शांत जागा शोधणाऱ्यांनी निवडलेला हा किनारा आहे.

तेव्हा पुंगळी फाटक्या आवाजाची झाली असेल, तर लोकर भरण्याआधी माळ्यावर ठेवलेला कंपनीचा सायलेन्सर खाली काढा. तो सडला असेल तर त्याच मॉडेलचा नवा घ्या. किनाऱ्यावर फिरून आलात की इंजिन गार झाल्यावर तो गोड्या पाण्याने धुवा आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवा, म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन जाईल.